खरमोर दिसल्यानंतरची सकाळ

देवासच्या कारखान्यांतली आम्ही मराठी माणसं सुट्टी मिळाली की महाराष्ट्रात जातो. यंदा ऑगस्टमध्ये आम्ही दोघं उलटीकडे, धारच्या बाजूला निघालो. खरमोर बघायला. पावसाळ्यात माळव्याच्या गवतात उतरणारा, कोंबडीएवढा पक्षी. आता फार थोडे उरलेत.

सकाळच्या बसने इंदूर, तिथून धार. घाटाबिल्लोदपुढे रस्ता उखडलेला. पाणी जवळ ठेवा. धारला आत्याबाईंकडे जेवलो.

"पाखरू पाहावयास इतके दूर?" त्या म्हणाल्या. "मग देवदर्शनही उरकून या हो."

मुक्काम राजगढजवळ, मोहनखेड्याच्या जैन धर्मशाळेत. खोली स्वच्छ, भाडं कमी. जेवण सूर्यास्तापूर्वीच मिळतं. आम्ही उशीर केला आणि शेव-केळ्यांवर भागवलं.

उशीर झाला तो भेरूलालकडे. भाड्याच्या जीपवाल्याने आम्हाला या त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे नेलं होतं.

"चलो, बीड़ में चलते हैं," भेरूलाल म्हणाला.

हे दचकले. "बीडला? मराठवाड्यात?"

"अरे भिया, घास का बीड़! यहीं, घर के पीछे."

बीड म्हणजे राखलेलं गवत. दिवाळीपर्यंत त्याला कोणी विळा लावत नाही. आम्ही बांधावर बसलो. गवतातून एक काळा पक्षी, खरमोराचा नर, सरळ वर उडाला, क्षणभर हवेत थांबला, खाली पडला. पुन्हा उडाला. मी टाळ्या वाजवल्या. भेरूलाल बघत नव्हता.

त्याचं गाव खरमोराच्या अभयारण्यात आहे. नकाशावर रेघ ओढली, तेव्हा घरं, शेतं सगळी आत आली. तिथली जमीन विकता येत नाही. त्याला हे बीड विकून राजगढला पिठाची गिरणी टाकायची आहे.

"जमीन म्हारी, रजिस्ट्री चिड़िया की," तो म्हणाला. पक्षी येईनासा झाला की गाव वगळतील, असं तिथे सगळे धरून चालतात.

"फोटो खींचा? छापोगे?"

"हो तर. ब्लॉगवर. सगळे बघतील."



दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. चार दिवस उघडीप होती, जमीन वाळलेली. बीड नांगरून काळं झालं होतं. ट्रॅक्टर बांधाला उभा. मधे खोलीएवढं गवत तेवढं शिल्लक.

यांनी विचारलं, "ये क्या किया?"

"आप छापते. फिर जंगल के साहब लोग आते. लिख लेते कि चिड़िया है."

"गवतात मादी होती का?" मी विचारलं.

"होगी तो उड़ गई."

"आणि अंडी?"

त्याने गवताच्या त्या तुकड्याकडे बघितलं. "अंडे नहीं उड़ते, बाई. इसलिए उतना छोड़ दिया."

त्या तुकड्याजवळ जायला आम्ही धजलो नाही. मादी परतली का, ठाऊक नाही.

देवासला येऊन महिना झाला. खरमोर जगावा म्हणून केलेल्या नियमामुळे त्याचं गवत नांगरलं गेलं, हे अजून पचत नाही. भेरूलालवर धड रागावताही येत नाही. कुठे बघितलात, असं सगळे विचारतात. मी राजगढपर्यंतचा रस्ता सांगते. पुढचा सांगत नाही, फोटोही टाकलेला नाही. तिथे पक्षी कुणाला दिसला, की नांगर येतो.