सालईच्या झाडाचा नंबर

पाड्यावर म्हणत, दित्याचा फोन वाजला की आधी कुत्री उठतात, मग दित्या उठतो आणि ज्याचा फोन असतो तो सगळ्यांत शेवटी. बायका म्हणत, बायको गेल्यावर माणूस दुसरी करतो, यानं झाड केलं. नाल्यापलीकडची खेमलीकाकी सगळ्यांवर ताण करी. ती म्हणे, "सरकारला आपल्याशी बोलायचं असलं, तर ते आधी दित्याचा मूड विचारतं."

दित्या पावरा या साऱ्यावर हसे आणि डोंगर चढू लागे.

आमच्याकडे घराला घर लागून नसतं. ज्याचं शेत ज्या उतारावर, त्याचं घर तिथेच. त्यामुळे निरोप पोचवायचा तर हाळी घालायची. या टेकाडावरून त्या टेकाडावर, तिथून पुढच्या. सातपुड्याच्या या कुशीत मोबाइल आला, तो या व्यवस्थेतच सामावून गेला. रेंज फक्त एका ठिकाणी येई: माथ्यावरच्या सालईच्या झाडाखाली, तीही नर्मदेपलीकडच्या टॉवरची. त्यामुळे फोन सुरू केला की तो गुजरातीत स्वागत करी. झाडाच्या फांदीला प्लॅस्टिकच्या पिशवीत तो टांगलेला असे, शेजारी दगडावर तळहाताएवढं सौर पॅनेल. पाड्यावरचा पहिला आणि एकमेव फोन तोच. शाळेवरच्या गुरुजींनी तो घेतला होता. बदली झाली तेव्हा त्यांनी तो सिमकार्डासकट दित्याला दिला आणि म्हणाले, "झाडाजवळ घर तुझं. सांभाळ."

दित्यानं तो सांभाळला. महिन्याकाठी तालुक्याच्या बाजारात जाऊन त्यात पैसे भरायचे, ऊन पडलं की पॅनेल फिरवायचं, पावसात पिशवी बदलायची. कुणी त्याला हे काम दिलं नव्हतं. म्हणून कुणी त्याला त्यातून सुट्टीही दिली नाही.

पुढे आधारकार्डाचं आणि बँकेच्या खात्यांचं शिबिर भरलं. अर्जात मोबाइल नंबराचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज परत येत होता. कॉलेजच्या सुट्टीत आलेली आम्ही दोघं-तिघं मुलं अर्ज भरायला बसलो होतो. पहिल्या माणसानं सांगितलं, "दित्याचा टाक." दुसऱ्यानंही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत सदतीस घरांच्या अर्जांवर एकच नंबर लागला होता. त्यातल्या बावीस अर्जांवरचं अक्षर माझं आहे. दित्या दिवसभर माथ्यावर झाडाखाली उभा होता. आलेला आकडा तो वाचून ओरडे, मधल्या टेकाडावरचा वेस्ता तो झेलून खाली फेके आणि शाळेच्या अंगणात बसलेले साहेब तो यंत्रात घालत.

त्या आकड्याला ओटीपी म्हणतात आणि तो कुणालाही सांगायचा नसतो, हे साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग तो गुप्त आकडा वर्षानुवर्षं अख्ख्या दरीनं मोठ्यानं ऐकला. मोरधानाचं, म्हणजे भगरीचं, शेत निंदणाऱ्या बाया, गुरं वळणारी पोरं, सगळ्यांनी. एकदाही कुणाच्या खात्यातला एक रुपया हलला नाही.

खेमलीकाकीला या आकड्याची गरज इतरांहून जास्त होती. बांबू चिरून टोपल्या विणण्यात तिच्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती आणि अंगठ्याचं यंत्र तिला ओळखत नसे. तिला म्हातारपणाचं वेतन मिळे. त्यासाठी वर्षातून एकदा आपण हयात असल्याची खात्री द्यावी लागे: अंगठ्यानं, नाहीतर मोबाइलवर आलेल्या आकड्यानं. दरवर्षी दित्या माथ्यावरून सहा आकडे ओरडे आणि काकी आणखी एक वर्ष जिवंत राही.

"अरे, जरा हळू ओरड," ती खालून म्हणे. "यमानं ऐकलं तर तोही लिहून घेईल."

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दित्या तो चढ चढताना घसरला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात सळई घातली आणि तिथून त्याची मुलगी रायकी त्याला शहाद्याकडे आपल्या घरी घेऊन गेली. निघताना फोन बरोबर नेण्याचा विषय निघाला होता. दित्या म्हणाला, "तो कशाला? तो पाड्याचा आहे. राहू दे झाडाला."

फोन झाडालाच राहिला. पैसे भरलेले महिनाभर पुरले आणि मग तो गप्प झाला. खाली सदतीस घरांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दित्या नाही म्हणून फोन वाजत नाही, असंच सगळे धरून चालले. दित्या आला की वाजेल.

दित्या साडेआठ महिन्यांनी आला, काठी टेकत. माथ्यावर चढायला त्याला अर्धा दिवस लागला. फोन कोरडा होता, पिशवीला गाठ मारलेली तशीच होती, आत सिम जागच्या जागी होतं. पण रेंज येईना. हयातीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

तो तालुक्याला गेला. मोबाइलच्या दुकानातल्या माणसानं नंबर तपासला आणि मान हलवली.

"काका, हा नंबर बंद पडून दुसऱ्याला गेला."

"गेला म्हणजे? माझ्या खिशात आहे की."

"खिशात नुसता पत्रा आहे. नंबर दुसऱ्याकडे वाजतोय."

"मग परत द्या. मी पैसे भरतो."

दुकानदारानं पुन्हा बटणं दाबली. "आणि कागदावर तर तुमचं नावच नाही. कुणी गुरुजी आहेत. त्यांना आणता का? बघू काही होतं का."

गुरुजी वारले त्याला दोन वर्षं झाली होती. दित्यानं फळीवर बैठक मारली. मग म्हणाला, "तुमच्या फोनवरून त्या नंबरला लावून द्या." तो तिथून उठला नसता, म्हणून असेल, दुकानदारानं लावून दिला. पलीकडे बाई बोलली.

"कोण?"

"मी दित्या. सालईपाड्याचा. तुम्ही कोण?"

"फोन तुम्ही केलाय आणि मलाच विचारताय?"

"नंबर माझा आहे, ताई."

"अस्सं! म्हणजे वेस्ता, जोमा, डेमशा ही सगळी तुमचीच मंडळी का? रोज कुणाच्या तरी नावानं मेसेज. आमचे हे विचारायला लागलेत, एवढे पावरे तुझ्या ओळखीचे कधीपासून?"

"चांगली माणसं आहेत."

"असतील हो. मला काय करायचंय?"

बाई लातूरची निघाली. नंबर तिनं रीतसर, स्वतःच्या कागदांवर घेतला होता. दित्यानं तिला खेमलीकाकीची सगळी हकीकत सांगितली: बोटं, टोपल्या, मुदत.

"सहा आकडे येतील," दित्या म्हणाला. "तेवढे वाचून दाखवा. परत त्रास देणार नाही."

"दादा, ते कुणाला सांगायचे नसतात."

"माहीत आहे."

"माझ्या भावाचं खातं असंच रिकामं झालं. त्याच्याशी बोलणारा माणूसही तुमच्यासारखाच होता. आजीचंच सांगत होता."

बाई बरोबर होती. तिला जे शिकवलं होतं तेच आम्हालाही शिकवलं होतं. तिनं ते ऐकलं, एवढाच फरक.

"ताई, आलात कधी इकडे, तर पाणी-बिणी प्यायला या," तो म्हणाला आणि फोन परत दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तेव्हा तो लागला नाही. तिनं दुकानाचा नंबर ब्लॉक करून टाकला होता.

आता एकच वाट होती. नवं सिम घ्यायचं, ते आधारला जोडायचं. सिम वेस्ताच्या मुलाच्या नावावर मिळत होतं, पण ते जोडण्यासाठी खेमलीकाकीला जातीनं केंद्रात जावं लागणार होतं, आणि तिथे जे लागतं ते पुन्हा अंगठा नाहीतर डोळाच. आधी अंगठा लागतो का बघू, मग सिम घेऊ, असं ठरलं.

मुदतीला चार दिवस राहिले असताना काकीला बांबूच्या झोळीत घालून खाली उतरवली. वेस्ता आणि जोमा खांदा देत होते. दित्या काठी टेकत पुढे चालत होता, वाटेतल्या फांद्या बाजूला धरत. काकी झोळीतून बोलत होती.

"दित्या, अशी झोळीत नेतात ते एकतर बाळंतीण नाहीतर मढं. बघणाऱ्यानं काय समजायचं?"

"काकी, गप बस. दम पुरव, केंद्रात लागेल."

"तिथं काय धावायला लावतात का?"

सडकेवर जीप मिळाली. केंद्रात रांग होती. नंबर आला तेव्हा दुपार उलटली होती. काउंटरवर एक तरुण होता, शांत आणि समजूतदार. त्यानं काकीची बोटं ओल्या फडक्यानं पुसली, एकेक करून काचेवर ठेवली, दहाही. यंत्र दर वेळी तांबडं झालं. मग त्यानं डोळ्याचं यंत्र काढलं.

"आजी, डोळा मोठा उघडा."

"उघडाच आहे, बाबा. आत काही नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले होते. यंत्राला पांढऱ्याशिवाय काही दिसेना. वेस्ता पुढे झाला.

"साहेब, म्हातारी समोर बसलीय. बोलतेय. शिव्या द्यायला लावतो, हवं तर."

"मला दिसतेय, दादा. यंत्राला दिसायला हवी."

काकीनं मान त्याच्या आवाजाकडे वळवली. "मी मेलेली असते, तर एवढा डोंगर उतरले असते का रे?"

त्या तरुणानं यंत्र बाजूला सारून ड्रॉवरमधून एक कागद काढला. बोटं आणि डोळे दोन्ही नसलेल्यांसाठी वेगळा अर्ज असतो, तो वर पाठवावा लागतो, मंजुरीला दिवस लागतात, असं त्यानं समजावून सांगितलं. किती दिवस, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हयातीच्या मुदतीचं विचारलं, तर ते दुसरं खातं, म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. आमच्या माणसांपैकीही कुणाचा चढला नाही; चढवावा असं तिथे कुणी नव्हतंच.

अर्ज त्यानं स्वतःच भरला. नाव, गाव, पाडा. एका रकान्यापाशी पेन थांबलं.

"मंजुरी आली की मोबाइलवर मेसेज येईल. तो आला की आजीला घेऊन या. काका, नंबर सांगा."

दित्यानं काठी भिंतीला टेकवली.

"नंबर असता, तर हिला इथवर उचलून कशाला आणली असती?"