अर्धा चिंचोका

मंगळवारी सकाळी हे गेले.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा यांची बदली झाली आणि आम्ही कंधारहून इथे आलो. दुष्काळामुळे स्वयंपाकघरातला मोठा रांजण रिकामाच असे. वर्षात वीस कादंबऱ्या कोण आधी वाचतं, अशी आमची दोघांची दर वर्षी पैज असायची. एक संपली की रांजणात बी टाकायची. यांचे चिंचोके, माझ्या सीताफळाच्या बिया. मी पुढे गेले की हे चिडवत, "बारीक बारीक पुस्तकं निवडून राहिलीस तू!"

हे गेले त्या वर्षी माझ्या वीस झाल्या, यांच्या एकोणीस. विसावी यांच्या उशाशी होती, मध्ये एसटीचं तिकीट खोचलेली. तिकिटापासून पुढची मी सावकाश वाचून काढली. यांच्या वीस पुऱ्या व्हाव्यात असं फार वाटत होतं. पण न वाचलेल्याची बी यांना चालली नसती.

टँकर आला तेव्हा शेजारच्या भाबी माझ्यासाठी घागर भरून घेऊन आल्या आणि रांजणात डोकावल्या.

"वहिनी, पाण्याच्या जागी हे काय जमवून राहिल्या?"

मी सगळं सांगितलं.

"अर्धी तर वाचली ना भाईंनी? मग चिंचोका फोडा की, सारीपाटाला फोडतो तसा!"

आम्ही दोघी हसलो. मग अडकित्त्यानं चिंचोका फोडला.

आता रांजणात पाणी असतं. बिया फडताळातल्या बरणीत आहेत. यांच्या साडेएकोणीस आहेत.