भिंतीतल्या बाईचं रडणं

पावसाळ्यात जांभ्या चिऱ्याच्या खाणीत पाणी भरतं आणि आम्हा गवंड्यांची कामं थांबतात. म्हणून मुलीने आयर्लंडला बोलावलं तेव्हा मी जून महिना सांगितला. ती तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. जाऊन तीन वर्षं झाली होती. माझी बायको त्याआधी कोल्हापूरच्या पुढे गेली नव्हती, पण विमानात ती माझ्यापेक्षा निवांत झोपली.

तो देश मला परका वाटला नाही, आणि त्याचं कारण गडगे. आमच्याकडे बागेच्या कडेने चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून बांध घालतात, त्याला गडगा म्हणतात. तिथे तर टेकड्यांच्या टेकड्या अशा गडग्यांनी आखलेल्या. मी गाडीतून बघत होतो आणि कुठला चांगल्या हाताचा, कुठला घाईचा, ते बायकोला सांगत होतो.

"हंयसरय तुमची तपासणी चालूच," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी मुलगी आम्हाला एक किल्ला दाखवायला घेऊन गेली. किल्ला म्हणजे तळ्याच्या काठावरचा एकच उंच चौकोनी बुरूज, पाच-सहाशे वर्षांचा. आमच्या मालवणच्या किल्ल्यासारखा लांबरुंद तट नाही. चाव्या सांभाळणारी आणि माहिती सांगणारी एक पांढऱ्या केसांची बाई होती. तिचं घर बाजूलाच. त्या दिवशी आम्ही तिघं आणि आणखी चार-पाच माणसं होतो. ती इंग्रजीत सांगायची, मुलगी आम्हाला मालवणीत.

वर जायचा जिना भिंतीच्या पोटातून गोल फिरत गेलेला. मध्येच एखादी पायरी मुद्दाम उंच ठेवलेली, शत्रू धडपडावा म्हणून. बायको माझ्या खांद्याला धरून चढली. वर एक मोठी खोली होती, तळ्याकडे तोंड केलेली एक खिडकी होती, आणि बाहेर पश्चिमेचा वारा सुटला होता.

आणि तिथे कोणीतरी रडत होतं. बारीक, लांब, मध्ये श्वास घेतल्यासारखं थांबून पुन्हा सुरू होणारं रडणं. भिंतीतून येत होतं.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईने आवाज खाली आणून गोष्ट सांगितली. इथला सरदार होडीतून तळ्यापलीकडे लढाईला गेला आणि परत आलाच नाही. त्याची बायको या खिडकीशी वाट बघत उभी राहिली. जेवली नाही, झोपली नाही, आणि एके दिवशी खोलीत कोणीच नव्हतं. भिंतीने तिला आत घेतलं. पश्चिमेचा वारा आला, की होडी आली असं तिला वाटतं, आणि ती रडते.

सगळे खिडकीकडे बघू लागले. मी मात्र भिंत बघत होतो. खिडकीच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या थोडं वर, मुठीएवढं चौकोनी भोक होतं. तसंच दुसरं चार हातांवर, त्याच उंचीला. मला हसूच आलं. भिंत चढत जाते तशी परांची बांधावी लागते आणि तिचे वासे भिंतीत खोचावे लागतात. काम संपलं, की वासे काढतात. बहुतेक भोकं बुजवतात, एखादं राहतं. दुसरं आतून बुजलेलं होतं, हे खिडकीजवळचं आरपार राहिलं होतं.

"ह्यो आवाज बाईचो न्हय," मी मुलीला म्हटलं. "परांचीच्या भोकात वारो भरता."

"आसांदे, बाबा," ती हळूच म्हणाली.

पण मी पुढे झालो, टाचा उंचावल्या आणि त्या भोकावर तळहात दाबून धरला. रडणं थांबलं.

मला वाटलं, लोक वा म्हणतील. एक तरुण माणूस हसला खरा. पण ती पांढऱ्या केसांची बाई माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मुलीकडे वळून काहीतरी बोलली. मुलीने सांगितलं, "त्यांका ठावक आसा तां भोक आसा. त्यांच्या आयशीन त्यांका ही गोष्ट सांगितली होती. त्या म्हणतत, हात काढा."

मी काढायच्या आधीच बायको बोलली. "काढा हात. रडांदेत तिका. इतक्या वर्सांनी तिचा तोंड कित्याक दाबतास?"

मी हात खाली घेतला. आवाज परत सुरू झाला. मग माझं लक्ष मुलीकडे गेलं. ती खिडकीच्या दगडी बाकावर बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

खाली उतरल्यावर गवतावर बसून तिने सांगितलं. पहिल्या वर्षी ती सुट्टीच्या दिवशी एकटी बसने इथे यायची. वारा असला, की वरच्या खोलीत त्या बाकावर बसून पोटभर रडून घ्यायची. त्या आवाजात आपला आवाज कोणाला कळत नाही म्हणून.

"माका फोनवर सांगूचा नाय?" मी विचारलं.

"सांगितलंय. तुमी म्हणालात, रडा नको, कामात रव."

ते मी म्हटलं होतं. एकदा नाही, अनेकदा. मला वाटायचं, भिंतीला तडा दिसला की लगेच भरावा. माझा धंदाच तो. बायकोने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं. मीही समजावणीचं एक वाक्य तोंडाशी आलेलं गिळलं आणि तसाच बसून राहिलो. ती बराच वेळ बोलत होती, मध्ये रडत होती. मी ऐकलं.

थोड्या वेळाने ती किल्ल्याची बाई चहाची किटली घेऊन आली. मी मुलीला म्हटलं, माझ्या वतीने माफी माग. ती बाई हसली आणि तिने आपल्या घरामागच्या गडग्याकडे बोट दाखवलं. शेजारच्या गायींनी तो दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट, ढासळवला होता आणि गावात आता दगड रचणारं कोणी उरलं नव्हतं. मुलीने तिला माझा धंदा सांगितला होता.

पुढचे तीन रविवार आम्ही तिथे गेलो. त्यांचा दगड आमच्या चिऱ्यासारखा कापलेला नसतो, तो हातात फिरवून त्याचं तोंड शोधावं लागतं. पहिल्या दिवशी मी दोनदा रचलेलं पाडलं. दुसऱ्या दिवशी हात बसला. ती बाई इंग्रजीत आणि मी मालवणीत बोलत होतो. मोठा, छोटा, उलटा, थांब, एवढ्याला भाषा लागत नाही. तिकडे बायको आणि मुलगी परसातल्या वाफ्याच्या कडेला बसून तीन वर्षांचं बोलून घेत होत्या.

भातकापणीच्या आधी आम्ही घरी परतलो. मुलगी तिथेच आहे, राहणार म्हणते. अधूनमधून त्या गडग्याचा फोटो पाठवते. दोन हिवाळे झाले. गायी त्याला अंग घासतात, पण एक दगड हललेला नाही.