कोनाची पिशवी हाय गो ही?

मूर्खपणा मी आयुष्यभर केला, पण शहापूरच्या एसटी स्टँडवर जमला तसा पुन्हा जमला नाही. लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. रुखवतात मांडायला भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं. चालतंय हे पटवायला दुकानदारानं त्यात सेल घातला, आणि फुकटचा सेल म्हणून मीही तो काढला नाही. किन्हवलीची गाडी लागली तशी खिडकीतून पिशवी आत टाकली. आमच्याकडे जागा अशीच धरतात, आणि अशी धरलेली जागा कुणी हलवत नाही. मग निघाले समोर बांगड्या बघायला. तेव्हा मला कंबर होती, अक्कल यायची होती.

परत येते तर गाडीतली माणसं दारातून, एकदोघं चक्क खिडकीतून उड्या टाकतायत, कंडक्टर सगळ्यांना मागे ढकलतोय, आणि आमच्या आळीतली यमुना माझी पिशवी छातीशी धरून स्टँडमागच्या शेताकडे चाललीय. पळत नव्हती. काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं न्यावं तशी जपून पाऊल टाकत होती. मी धावत जाऊन पिशवीला हात घातला.

"अगो यमुने, लग्नघरची पिशवी पळवतेस? लाज नाय वाटत?"

"लांब हो! आत टिकटिकतंय."

"टिकटिकनारच! घड्याळ हाय माज्या पोरीचं!"

हा किस्सा मी पुढे हळदीला, बारशाला, जिथे चार बाया जमतील तिथे नकला करून सांगितला. यमुनेसमोरही सांगितला. तीही पदर तोंडाला लावून हसायची... आता तो सांगायला ती समोर नाही.

मागच्या महिन्यात मी मुरबाडला लेकीकडे होते. सकाळी यमुनेच्या नातीचा, कविताचा फोन आला, "आजी, म्हातारी गेली गो." मी पोचेपर्यंत नेलीही होती. पडवीत तिची काठी तेवढी भिंतीला टेकलेली होती. लोक म्हणाले, सुखानं गेली, झोपेतच. सुखानं! तिच्या आयुष्यात हा शब्द एवढा एकदाच कुणी वापरला असेल.

दिनू तिचा एकुलता. ही माझ्या लेकीच्या लग्नाआधीची गोष्ट. शहरात वायरमनच्या हाताखाली कामाला होता. एका संध्याकाळी तो ज्या बसमध्ये होता, तिच्यात कुणीतरी बॉम्ब ठेवून उतरून गेलं. दिनूची बायको आधीच वारली होती, मागे राहिली रांगती कविता. यमुना शहरात जाऊन हॉस्पिटलातून त्याला घेऊन आली. पुढारी आले, फोटो काढून गेले, एकानं तर भाषणात दिनूला दिलीप केला. मीही शहाणपणा पाजळायला गेले होते. म्हटलं, देवाची मर्जी, यमुने. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पाट सोडून उठावंसं वाटलं. "देवाला कशाला मधी आनतेस? मानसानं ठेवलं ते." दिवसकार्य झालं आणि ती लावणीच्या चिखलात उतरली. कविताला बांधावर गोणपाटावर बसवायची.

पुढे आमच्याकडे टीव्ही आला. जगात कुठे बाजारात, कुठे देवळात, कुठे मशिदीत, कुठे नमाजाला किंवा लग्नाला जमलेल्या माणसांत असंच काही झालं, की ती यायची आणि उंबऱ्याशी बसायची. तिला वाचता येत नव्हतं, खालची पट्टी मी वाचायचे. मेलेल्यांचा धर्म तिनं कधी विचारला नाही. आया कुठे आहेत त्यांच्या, एवढंच विचारायची. एकदा मी वाचलं, हल्ल्याची जबाबदारी अमक्या संघटनेनं घेतली.

"घेतली? मंग येऊ दे की त्यांना," ती म्हणाली. "कवितेला ताप हाय. बसू दे उशाशी."

मी टीव्ही बंद केला. त्या लोकांच्या तोंडी मोठमोठी कारणं असतात, जात, धर्म, मुलूख, सूड. कवितेच्या उशाशी मात्र यमुनाच बसली.

आणि तिची ती सवय! एसटीत, आठवड्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, बेवारशी बोचकं दिसलं की खणखणीत आवाजात, "कोनाची पिशवी हाय गो ही?" उत्तर मिळेपर्यंत थांबायची नाही. पोरं तिला पिशवीआजी म्हणायची. ते नाव मीच पाडलं होतं, दुसरं कोण पाडणार? कंडक्टर आधी वैतागायचे, मग तिचं विचारून झाल्याशिवाय घंटी मारेनासे झाले.

परवा मुरबाडहून परत येताना माझ्या शेजारच्या सीटवर एक काळी बॅग होती. गाडीत सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. माझ्या तोंडून तिच्याच चालीत निघालं, "कोनाची पिशवी हाय गो ही?" पुढच्या एका मुलीनं मागे वळून हात वर केला, "माझी आहे आजी, मैत्रिणीसाठी जागा धरलीय." लोक हसले. मी नाही हसले.

ते घड्याळ माझ्या स्वयंपाकघरात आहे. बॉम्बवालं घड्याळ नको म्हणून लेकीनं नेलंच नाही. त्याच्याकडे बघितलं की मला किस्स्याचा तो शेवट आठवतो, जो मी कुणालाच सांगितला नाही, कारण त्यावर कुणी हसलं नसतं. शेताच्या बांधावर आम्ही दोघी धापा टाकत बसलो होतो. पिशवी मधे. मी म्हटलं, "येडे, खरंच बॉम्ब असता तर? तू कशाला हात लावलास?" यमुना पदरानं घाम पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हास्पिटलात एक बाई भेटली, दिनूच्याच गाडीतली. म्हनली, सीट रिकामी व्हती, नुसती पिशवी व्हती तिच्यावर. मी तुज्या पोराला म्हनलं, सरकव ती नि बस. तर म्हनला, नको मावशी, कोनीतरी जागा धरलीय... मीच शिकवलेलं गो त्याला, लोकांच्या पिशवीला हात लावायचा नाय म्हनून. उभाच राह्यला तो. पिशवीला लागून."