भरीत खाता खाता झालेली अदलाबदल

आमच्या चोपड्याच्या सॉफ्टबॉल संघात चाळिशी ओलांडलेले दोघेच, पिचर आणि मी. तो हात खालून फिरवून चेंडू टाकायचा, मी कॅचर म्हणून बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून झेलायचो. गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या संघाचा निरोप आला: तुमचा पिचर आम्हाला द्या, बदल्यात आमचा चेंडू टाकणारा कॉलेजातला पोरगा तुम्ही घ्या. त्यांची पोरं सगळी कोवळी, त्यांना एक मुरलेला माणूस हवा होता.

या प्रश्नानं मला झपाटलंच. जुन्यांना धरून बसावं, की देऊन टाकावं आणि संघ नव्यानं उभारावा? केळीच्या बागेत आपण एवढा विचार करत नाही. घड उतरला की जुनं खोड पाडायचं, शेजारी फुटलेलं कोवळं पील वाढू द्यायचं. खोडाला काय वाटतं हे कोण विचारतो? मी भेटेल त्याला त्याचं मत विचारत सुटलो. बायको म्हणाली, एवढी उत्सुकता घरच्या गळक्या नळाबद्दल दाखवा. मी स्वतः अदलाबदलीच्या बाजूचा होतो आणि ते मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

आता बोलणी कुठे करायची? आमच्याकडे हिवाळ्यात भरीत-पुरीशिवाय काही ठरत नाही. वांगी सगळ्यांत चांगली पिचरची, म्हणून बैठक त्याच्याच मळ्यात ठेवली. यात काही वावगं आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पोचलो तर हा गडी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतोय आणि धुळ्याच्या कप्तानाला बसायला बाज ओढून देतोय. ज्याला संघातून काढायचं त्याच्याच घरचं जेवायचं! सगळे मान खाली घालून कांद्याची पात चिरत बसले.

शेवटी लाकडी बडजीत वांगी ठेचता ठेचता तोच म्हणाला, "मना बदलामा कोन ई ऱ्हायना? त्याले दखाडा तरी."

आपल्या बदल्यात कोण येतोय हे त्यानं विचारताच कप्तानाबरोबर आलेला धुळ्याचा पोरगा उठला. पिचरनं हात धुऊन बॅट घेतली. मी ग्लोव्ह चढवून मागे बसलो. मला तर हे केव्हाचं बघायचं होतं. पहिला चेंडू दिसलाच नाही, तळहाताला लागला तेव्हा कळलं. दुसरा ग्लोव्हच्या कडेवरून उडाला आणि वांग्यांच्या ढिगात गेला. तिसरा थेट छातीवर बसला. पिचरची बॅट एकालाही लागली नाही, तरी तो हसत होता.

"हाऊ पोऱ्या भारी शे," तो म्हणाला. "मी जास धुळे. याले लई ल्या."

तो आपणहून धुळ्याला जायला तयार झाला तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुऱ्यांवर पुऱ्या वाढल्या गेल्या. या पोराचा चेंडू मात्र माझ्याच्यानं झेलला जाणार नव्हता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मी ताट घेऊन धुळ्याच्या कप्तानाजवळ सरकलो.

"इतकी वर्षं याचा चेंडू मीच झेलतोय," मी म्हणालो. "याच्याबरोबर मलाही न्या की."

त्यानं तोंडातला घास संपवला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आमच्याकडे कॅचर आहे, भाऊ."

मी आमच्या कप्तानाकडे पाहिलं. तो पोराला पुरी वाढत विचारत होता, "तुझे चेंडू नीट झेलणारा कुणी आहे का ओळखीत?"