रिक्षाने ठरवलेला विषय

रेहाना गेल्याचं मला तिच्या मुलीने, झोयाने, फोनवर सांगितलं. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ फक्त लूमचा खडखडाट ऐकू येत राहिला... त्यांच्या घराखालीच यंत्रमागांचा कारखाना. वर कुणी गेलं म्हणून खालचे लूम आपोआप थांबत नाहीत, कुणीतरी जिना उतरून ते बंद करावे लागतात. थोड्या वेळाने ते थांबले, आणि मला रडू आवरेना.

नारपोलीतल्या पालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. ती कोकणी मुसलमान, लूमवाल्याची मुलगी. मी बौद्ध, माझे वडील पोस्टात. तिच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी एक छोटा पाना असायचा, लूम दुरुस्त करायला येणाऱ्या जॉबरकडून हट्टाने मागून घेतलेला. वर्गातल्या डुगडुगत्या बाकांचे बोल्ट ती मधल्या सुट्टीत आवळायची आणि हात फ्रॉकला पुसायची. त्यावरून अम्मीची रोज बोलणी खायची, पण खोड काही गेली नाही.

आठवीला हायस्कूलमध्ये जाताना संस्कृत की टेक्निकल हे ठरवायचं होतं. आमच्या गल्लीत मुलींच्या बाबतीत याचं एक वेगळंच शास्त्र होतं. आधी रिक्षा ठरायची, मग विषय. कुणाची मुलगी कुणाबरोबर जाणार, रिक्षावाला ओळखीचा आहे का, हे एकदा पक्कं झालं की बाकीच्या गोष्टींना आईबाप मान डोलवत. टेक्निकलचं वर्कशॉप धामणकर नाक्यापलीकडे होतं आणि मुलींची रिक्षा नाक्याच्या अलीकडेच शाळेकडे वळायची. माझ्यासाठी संस्कृत वडिलांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. "आपल्या माणसांना ही भाषा शिकू दिली न्हवती. तू शिकायची," असं ते म्हणाले, आणि त्यावर बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. तसं मलाही ते हवंच होतं. रेहानाला मात्र टेक्निकल हवं होतं. तिच्या अब्बांनी मला समोर बसवूनच निकाल दिला, "ही संस्कृत घेते ना, तू पन तेच घे. एका रिक्षानं जावा, एका रिक्षानं या."

"अब्बा, मला टेक्निकल शिकायचंय."

"अगो, टेक्निकल घरातच हाय. खाली लूम हायत ना?"

"मग मला खाली उतरू द्या," रेहाना म्हणाली.

खाली कामगार असत, आणि घरातल्या बायका-मुलींनी कारखान्यात पाऊल टाकायचं नाही असा त्या घराचा रिवाज. अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते नमाजाला निघून गेले. वाईट नव्हते हो ते, लेकीवर जीव होता त्यांचा. म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

पुढे संस्कृतमध्ये पहिली यायची ती रेहाना. मी मागेच राहिले. ती आमच्याच हायस्कुलात संस्कृतची शिक्षिका झाली (मी तिथेच ऑफिसात लागले होते), तेव्हा तर लोकांना कोण कौतुक. मुसलमान बाई आणि किती शुद्ध उच्चार, म्हणून तिला शाल-श्रीफळ द्यायचे. शाली ती कपाटात कोंबायची. एकदा म्हणाली, "सगळी कौतुक करतात गो, पन तुला काय हवं होतं असं कुणी विचारलं न्हाय." मुलांना ती सुभाषितं इतकी गोड शिकवायची की तिला विषय आवडत नाही असं म्हणायला जीभ धजत नाही. पण स्टाफरूमचा पंखा कुरकुरला की पर्समधून तोच पाना काढून ती खुर्चीवर चढलेली असायची, आणि त्या वेळचा तिचा चेहरा वर्गात कधी दिसला नाही.

दर जूनमध्ये सातवी पास झालेल्या मुली पालकांबरोबर आठवीच्या प्रवेशाला यायच्या. रेहाना त्यांना मार्क विचारत नसे. "रिक्षा कुणाबरोबर ठरवलीय?" हा तिचा पहिला प्रश्न. जिची मान खाली जायची तिच्या घरी ती संध्याकाळी हजर. राहनाळच्या दोन मुलींसाठी रिक्षा स्टँडवर भांडून तिने नाक्यापलीकडे वर्कशॉपपर्यंतची फेरी सुरू करवली आणि पहिले काही दिवस स्वतः त्यांच्यासोबत बसून गेली.

शेवटची भेट तिच्या बिछान्याशी झाली. किडन्या गेल्या होत्या, आवाज जेमतेम उरला होता. झोया नुकतीच सातवी पास झाली होती. "पोरगी संस्कृत घेते म्हनते. माझ्यासाठी," रेहाना म्हणाली.

"मग तिला नको म्हण."

"मी नको म्हनले तर माझ्यासाठीच नको म्हनेल ना... दोन वर्सं माझ्या तोंडाकडंच बघत बसलीय ती. तिला काय हवंय, ते तिलाच ठाऊक न्हाय." ती भिंतीकडे वळली. एवढ्या पोरींना मार्गी लावणारी बाई घरच्या पोरीपाशी येऊन अडली होती, आणि हाताशी वेळ नव्हता.

परवा तिच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेले होते. खाली लूम पुन्हा चालू झाले होते. खिळ्याला टांगलेली रेहानाची पर्स झोयाने काढून मांडीवर घेतली. खडू, चष्मा, पाना. "मावशी, अम्मीला मी काय घेतलेलं आवडलं असतं?" तिने विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, अगदी ओठावर होतं. ते गिळून मी विचारलं, "रिक्षा कुणाबरोबर ठरवलीय?"

झोया पहिल्यांदा जरा हसली. "ठरवली न्हाय. आधी विषय ठरवते."

मग तिने खडू आणि चष्मा परत पर्समध्ये टाकला, पर्स खिळ्याला अडकवली. पाना तेवढा बाहेर ठेवला. तो तिने स्वतःसाठी ठेवला की अम्मीसाठी, हे मला कळलं नाही... आणि विचारायचा धीर झाला नाही.