दहापैकी नऊ गुणांचं गाव

नागपूर सोडायचं ठरलं तेव्हा मी एक वही केली. पहिल्या पानावर गावांची नावं आणि समोर तीन रकाने: गाडी, भाडं, संस्कृती. प्रत्येक गावाला प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण द्यायचे. बायको म्हणाली, आपण घर पाहायला निघालो की पोरगी? मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करण्यात त्या काळात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

माझं ऑफिस नागपूरला. बायकोला वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी लागली होती. दोघांपैकी एकाला रोज गाडीनं जाणं-येणं भाग होतं आणि तो एक मी, हे तिनं मला न विचारता ठरवून टाकलं. पण खरं कारण माय होती. वडील गेल्यापासून ती वडनेरच्या घरात एकटी. मोठा भाऊ वांगी-मेथी लावतो आणि शेतावरच घर बांधून राहतो. नागपूरला आमच्या तिसऱ्या मजल्यावर माय दोनदा आली आणि दोन्ही वेळा आठव्या दिवशी परत गेली. तिथं कोनासंग बोलू, एवढंच तिचं म्हणणं. आता वर्ध्याकडे येताय तर महिनाभर राहून पाहीन, जमलं तर कायमची येईन, असं तिनं कबूल केलं होतं. बायकोनं हे मनावर घेतलं होतं. मी म्हणालो, त्यासाठी तर सुसंस्कृत गाव हवं.

सुसंस्कृत म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण जे नाही ते मला लांबूनच ओळखू येई. हिंगणघाटला दोन घरं पाहिली. दोन्ही घरमालकांनी नमस्काराच्या जागी कापसाच्या भावाचा विषय काढला. संस्कृती, दोन. आर्वीहून नागपूरला रेल्वे नाही, म्हणून तिचा विचारच नाही. पुलगावचं घर चांगलं होतं, पण घरमालकाच्या बैठकीत भिंतभर टीव्ही आणि पुस्तक म्हणून फक्त पंचांग. तीन. सेवाग्रामला गाड्या थांबतात, तिथली हवासुद्धा विचार करणारी आहे असं मी ऑफिसात सांगत असे, पण आम्हाला परवडेल असं घर तिथे मिळेना.

मग पिपरी मेघे. घर बायकोनं शोधलं होतं, तिच्या दवाखान्यातल्या एका मावशींच्या ओळखीनं. खाली दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून नळ. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या ओट्यावर चार बाया लसूण सोलत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं आम्ही कुठले, कोणाचे, वडनेरला घर कोणत्या गल्लीत, हे चपला काढायच्या आत विचारून घेतलं आणि तिची मावसबहीण वडनेरलाच दिली आहे हेही सांगितलं. बायको खुलली. मी आकसलो. सगळे आमच्यासारखेच, खेड्यातून येऊन प्लॉट घेऊन बसलेले. यांच्यात राहायचं तर वडनेर काय वाईट होतं? मी वहीत संस्कृतीच्या रकान्यात एक लिहिला. तोही नळासाठी.

दहापैकी नऊ मिळवणारी वसाहत वर्ध्यातच सापडली. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून तिथेच राहतात आणि अजून तसेच आहेत. प्रत्येक फाटकावर घराचं नाव, संस्कृतात. मधोमध सभागृह, त्यात एक वाचनालय, दर हिवाळ्यात व्याख्यानमाला. भाडं नागपूरच्या निम्म्याहून थोडं अधिक. भाडेकरू ठेवण्याआधी वसाहतीचे सचिव त्याची भेट घेत. हे सचिव निवृत्त प्राध्यापक. त्यांनी मला पाऊण तास बसवलं आणि पाणी विचारलं नाही. वाचता काय, ऐकता काय, घरी मांसाहार होतो का, पाहुण्यांची वर्दळ असते का, असं सगळं विचारलं. मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतकं शुद्ध बोललो. ‘मले’ तोंडातून निसटू नये म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून पाहत होतो. शेवटी ते म्हणाले, वडनेरकडचे वाटत नाही तुम्ही. हा अपमान होता. मी तो पदकासारखा छातीला लावून घरी आलो.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते दोन वर्षांपासून मुलाकडे पुण्याला आहेत. व्याख्यानाला समोर बसणारे अकराजण होते आणि त्यातले नऊ आभारप्रदर्शनात बोलले. सकाळी फिरताना मंडळी ‘सुप्रभात’ म्हणत आणि ते म्हणताना नजर तुमच्या चपलांवर असे. कोणाचं दार उघडं दिसलं तर समजावं, बाई फरशी पुसते आहे. मला हे सगळं दिसत होतं. तरी ऑफिसात मी वसाहतीची वाखाणणी करत राहिलो, कारण नऊ गुण मी दिले होते आणि ते कमी करायला मला लाज वाटत होती.

वसाहतीचा मोबाईलवर एक गट होता. त्यात मला घेतलं तो दिवस मी बायकोला दोनदा सांगितला. तिथे सकाळी सुविचार आणि दुपारी तक्रारी येत. मी रोज काहीतरी लिहायचो. व्याकरण तपासून लिहायचो. उत्तर कोणी देत नसे.

महिन्याभरानं माय आली. बसस्टँडवरून आणतानाच मी तिला सांगितलं की इथे जोरात बोलायचं नाही, फाटकाशी उभं राहायचं नाही आणि मला चारचौघांत बाबू म्हणायचं नाही. मीही तिला तिथे ‘आई’ म्हणू लागलो. जन्मभर जिला माय म्हटलं तिला आई म्हणताना कोणा दुसऱ्याच बाईला हाक मारल्यासारखं वाटे. ती पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे.

तीन दिवस ती मुकाट राहिली. चौथ्या दिवशी तिनं फ्रिजमधला दह्याचा डबा पाहिला, दुकानातला. महिना झाला आणि घरात दही लागलं नाही, हे तिला पटेना. आमच्याकडे नव्या घरात पहिलं विरजण शेजारून मागून आणतात. घरचं असलं तरी चालत नाही. मागणारीनं वाटी घेऊन जायचं, देणारीनं आत बोलावून बसवायचं, कोण कुठले विचारायचं, चहा पाजायचा. विरजण हे निमित्त. त्या दिवसापासून ते घर तुमचं आणि तुमचं घर त्यांचं. बायकोला हे माहीत होतं. पण दारं बंद पाहून तिनं विचार सोडला होता आणि मला सांगून काही उपयोग नाही हेही तिला माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी मोबाईल उघडला. गटावर सचिवांचा निरोप होता. वसाहतीत एक अनोळखी वृद्ध स्त्री वाटी घेऊन घरोघर फिरत आहे, सर्वांनी फाटकं बंद ठेवावीत. खाली फोटो, वरच्या खिडकीतून काढलेला. रस्त्यावरून जाणारी कोणी लुगड्यातली बाई, पाठमोरी. मी तो बोटांनी मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. मला लिहायची घाई होती. मी लिहिलं: ‘अशा भिकाऱ्यांना फाटकाच्या आत येऊ देणे हीच मुळात चूक आहे. एकदा हाकलून दिले की पुन्हा येत नाहीत.’ पाच मिनिटांत सात अंगठे आले आणि सचिवांनी लिहिलं, ‘योग्य विचार.’ वसाहतीत माझं म्हणणं कोणाला तरी पटण्याची ही पहिलीच वेळ. परतीच्या गाडीत अजनी ते सिंदी मी तेच पुन:पुन्हा उघडून पाहत होतो.

घरी आलो तर माय ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसली होती आणि शेजारी रिकामी वाटी. बायको नुकतीच सावंगीहून आलेली, चहा गाळत होती. मायनं हकीकत सांगायला सुरुवात केली. अकरा घरी गेली. चार दारं उघडलीच नाहीत. एका बाईनं जाळीच्या आतूनच पाकिटातलं दही चांगलं असतं असं सांगितलं. एकानं नाव-गाव न विचारता हात हलवून पुढे जा म्हटलं. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. तिला कोडं पडलं होतं.

“एक बाई मात्र चांगली भेटली,” ती म्हणाली. “मी मांगं वळून पाह्यलं तं वरच्या खिडकीतून माहा फोटो काढत होती. तुह्या मोबाईलमंदी येते म्हने इथलं सारं. दाखव.”

मी मोबाईल खिशात ढकलला. बायको माझ्याकडे पाहू लागली. तिनं गटावरचं काहीच पाहिलेलं नव्हतं, पण माझा चेहरा तिनं वीस वर्षं पाहिला आहे. मी म्हणालो, चार्जिंग नाही. मायनं भिंतीकडे बोट दाखवलं, तिथे चार्जर लटकत होता. मग मी मोबाईल दिला.

मायला वाचता येत नाही. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, पदर ओळखला आणि हसली. मग बोट खाली सरकवत गेली. अंगठे, हात जोडलेले, पुन्हा अंगठे. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. गटावर लिहिणाऱ्याच्या नावाशेजारी त्याचा नखाएवढा फोटो असतो. माझा तर काळा चष्मा घातलेला.

“हा तूच व्हय नं,” ती म्हणाली. “काय लिवलं तू?”

बायकोनं मोबाईल घेतला, मनात वाचलं आणि माझ्या हातात परत दिला. “तुम्हीच वाचा,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी वाचलं. शब्द बदलावे असं मनात आलं होतं, पण बायको आत ऐकत होती. भिकाऱ्यांना, चूक, हाकलून, सगळं वाचलं. व्याकरणात एकही चूक नव्हती.

मायनं वाटीच्या काठावरून बोट फिरवलं. मग तिनंच माझी सुटका केली.

“मांगून काढला नं फोटो,” ती म्हणाली. “म्हनून वळखू नाई आलं तुले.”

“हो,” मी म्हणालो, “नुसती पाठच दिसते.”

तिनं मान हलवली, वाटी उचलून ठेवली आणि म्हणाली, “रविवारी मले वडनेरले सोडून देजो.”